रास्पबेरी पायवर यूएसबी डिव्हाइस सारखं डिस्कनेक्ट होतंय? आधी पॉवर तपासा, मग सॉफ्टवेअर

२०१९. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. आमचा प्रोजेक्ट होता चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टिम: एक रास्पबेरी पाय ३ बी प्लस, त्याला एक साधा यूएसबी हब, हबवर दोन वेबकॅम आणि एक पेन ड्राइव्ह. आठवडाभर हॉस्टेलच्या खोलीत सगळं मस्त चाललं होतं. आदल्या रात्री मात्र दुसरा कॅमेरा सुरू केला की पाच-दहा सेकंदांत दोन्ही कॅमेरे गायब व्हायला लागले.

आम्ही काय केलं? मेमरी कार्डवर ओएस तीनदा नव्याने टाकली. कोड बदलला. कॅमेऱ्याच्या लायब्ररीचं जुनं व्हर्जन टाकून पाहिलं. पहाटेचे चार वाजले. शेवटी एक्स्टर्नलना एकच कॅमेरा चालताना दाखवला आणि मार्क तसेच मिळाले.

खरं कारण नंतर कळलं. मित्राने त्या दिवशी स्वतःचा अडॅप्टर परत नेला होता आणि आम्ही मोबाइलची दोन मीटर लांब केबल लावली होती. बस्स. सिस्टिमच्या लॉगमध्ये तर 'व्होल्टेज कमी पडतंय' अशी ओळ पुन्हा पुन्हा येत होती. ती आम्ही वाचून सोडून दिली, कारण आम्ही एरर शोधत होतो आणि ती आम्हाला नुसती सूचना वाटली.

तुमची रात्र अशी जाऊ नये म्हणून हा लेख. उदाहरणं रास्पबेरी पायची आहेत, पण मूळ तर्क कुठल्याही छोट्या लिनक्स बोर्डला, राउटरला आणि ओटीजी लावलेल्या तुमच्या अँड्रॉइड फोनलाही लागू होतो.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी

एक: यूएसबीवर हार्ड डिस्क लावली असेल आणि ती अधूनमधून गायब होत असेल, तर आधी महत्त्वाचा डेटा दुसरीकडे कॉपी करा. लिहिणं चालू असताना डिस्कची पॉवर गेली तर फाइल अर्धवट राहते, फाइल सिस्टिम बिघडू शकते. घरातले लग्नाचे फोटो त्या डिस्कवर असतील तर प्रयोग नंतर.

दोन: या लेखात कमांडची अक्षरं सुटी करून दिली आहेत, म्हणजे स्पेलिंग चुकणार नाही. टर्मिनलमध्ये टाइप करताना ती इंग्रजी लहान लिपीत, मधल्या रेघा काढून, सलग लिहा.

हब म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड

घरात एका सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड लावला की चार सॉकेट मिळतात. पण वीज चौपट होत नाही. त्या चारही सॉकेटवर इस्त्री, हीटर, मिक्सर एकदम लावलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बिनपॉवरचा यूएसबी हब अगदी तसाच. तो पोर्ट वाढवतो, पॉवर नाही.

नियमानुसार आकडे असे आहेत:

- यूएसबी २.० पोर्टवर एका डिव्हाइसला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर.
- यूएसबी ३.० पोर्टवर ९०० मिलिअँपिअर.
- स्वतःचा अडॅप्टर नसलेला २.० हब वरून ५०० घेतो, त्यातले १०० स्वतःसाठी धरतो आणि चार पोर्टना प्रत्येकी १०० देतो.

शंभर मिलिअँपिअरमध्ये माउस, कीबोर्ड आरामात चालतात. वेबकॅम, फोर-जी डाँगल, पोर्टेबल हार्ड डिस्क यांना ते पुरत नाही. हार्ड डिस्कचा तर आणखी एक स्वभाव आहे: चकती फिरायला सुरुवात होताना ती नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते. म्हणून 'टक्-टक्' आवाज येतो, दिवा लागतो आणि डिस्क दिसत मात्र नाही. फोर-जी डाँगलही सिग्नल पाठवताना अधूनमधून झटक्याने जास्त करंट घेतो. नुसता लावला तर चालतो, डाउनलोड सुरू केलं की पडतो, तो याचमुळे.

कुठल्या पायला किती झेपतं?

बोर्डवर चार पोर्ट दिसतात. पण चारही पोर्टना मिळून एकच मर्यादा आहे:

- पाय ३ बी आणि ३ बी प्लस: अडॅप्टर २.५ अँपिअरचा हवा. सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर.
- पाय ४: अडॅप्टर ३ अँपिअरचा. सगळे पोर्ट मिळून पुन्हा १.२ अँपिअरच.
- पाय ५: अडॅप्टर ५ अँपिअरचा. तो असेल तर सगळे पोर्ट मिळून १.६ अँपिअर. ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर बोर्ड स्वतःच ही मर्यादा ६०० मिलिअँपिअरवर आणतो.

पाय ५ बद्दलची शेवटची ओळ दोनदा वाचा. पाय ४ चा चांगला अडॅप्टर पाय ५ ला लावला की बोर्ड सुरू होतो, स्क्रीन येते, सगळं ठीक वाटतं आणि एसएसडी मात्र चालत नाही. बोर्ड बिघडलेला नसतो, त्याने मुद्दाम हात आखडलेला असतो. यूएसबी ड्राइव्हवरून बूट करणंही तो अशा वेळी अडवतो.

वाय केबलचीही इथेच फसगत होते. दोन प्लगची ही केबल लावली की डिस्कला दुप्पट पॉवर मिळेल असं वाटतं. पण पायवर दोन्ही प्लग त्याच १.२ अँपिअरमधून ओढतात. दुसरा प्लग वेगळ्या चार्जरला लावला तरच त्याला अर्थ आहे.

केबल हा खरा गुन्हेगार

अडॅप्टरवर '५ व्होल्ट, ३ अँपिअर' छापलं म्हणजे बोर्डला ५ व्होल्ट मिळतात असं नाही. मधली तांब्याची तार काही व्होल्ट खाते. किती, ते सोप्या गणिताने काढता येतं.

स्वस्त चार्जिंग केबलमध्ये पॉवरची तार बऱ्याचदा २८ गेजची असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओम. करंट जातो आणि परत येतो, म्हणून एक मीटर केबलमध्ये दोन मीटर तार धरायची: ०.४२ ओम. आता १ अँपिअर ओढला तर ०.४२ व्होल्ट वाटेतच गेले. २ अँपिअर ओढले तर ०.८४. अडॅप्टरने ५.१ दिले, बोर्डला पोचले ४.२६.

पायची इशाऱ्याची रेषा ४.६३ व्होल्टच्या आसपास आहे. म्हणजे आपण केव्हाच खाली घसरलो.

हीच केबल २४ गेजची असेल तर रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओम. २ अँपिअरवर घट होते साधारण ०.३४ व्होल्ट आणि बोर्डला ४.७६ मिळतात. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवा. आणि केबल जितकी आखूड तितकं चांगलं. आमची दोन मीटरची केबल या हिशेबात पास होण्याची शक्यताच नव्हती.

फोनला ही केबल चालते, कारण फोनमध्ये बॅटरी आहे. व्होल्टेज घसरलं तर चार्जिंग हळू होतं, एवढंच. पायला बॅटरी नाही. त्याच्या दृष्टीने ती अर्ध्या सेकंदाची घसरगुंडी म्हणजे भूकंप.

माझा ६७ वॉटचा चार्जर चालेल का?

हा प्रश्न हमखास येतो. वॉट मोठे आहेत, मग अडचण काय?

अडचण अशी की फास्ट चार्जर ते मोठे वॉट बहुतेक वेळा व्होल्टेज वाढवून देतात, किंवा फक्त स्वतःच्या कंपनीच्या फोनशी 'बोलणं' झाल्यावरच देतात. पायला ९ किंवा २० व्होल्ट नकोच आहेत, त्याला ५ व्होल्टवरच जास्त करंट हवा. म्हणून चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. '५ व्होल्ट' या शब्दांपुढे जे अँपिअर लिहिले आहेत तेवढेच तुमचे. तिथे २ लिहिलं असेल तर तुमच्या बोर्डसाठी तो १० वॉटचा चार्जर आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. लॅपटॉपचे ६५ वॉटचे टाइप-सी चार्जरही ५ व्होल्टवर बहुधा ३ अँपिअरच देतात, त्यामुळे पाय ५ ला तेही पूर्ण पुरत नाहीत.

आणखी एक जुनी भानगड: २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ च्या सुरुवातीच्या बोर्डांवर टाइप-सी सॉकेटच्या जोडणीत चूक होती. आत चिप असलेली महागडी केबल लावली की चार्जर त्या बोर्डला हेडफोनसारखी वस्तू समजायचा आणि पॉवरच द्यायचा नाही. पुढच्या बोर्डांमध्ये ही चूक सुधारली. सेकंडहँड पाय ४ घेतलात आणि तो लॅपटॉपच्या चार्जरवर सुरूच होत नसेल, तर फेकून देण्याआधी साध्या केबलवर लावून पाहा.

बोर्डलाच विचारा

आता तीन कमांड. यातल्या दोन कुठल्याही लिनक्सवर चालतात.

पहिली, फक्त रास्पबेरी पायसाठी: व्ही-सी-जी-ई-एन-सी-एम-डी, मग एक जागा सोडून 'गेट', अंडरस्कोअर, 'थ्रॉटल्ड'. उत्तरात एक संख्या येते:

- ०एक्स० : सगळं ठीक.
- ०एक्स५०००० : आत्ता ठीक आहे, पण सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि प्रोसेसरचा वेग कमी करावा लागला.
- ०एक्स५०००५ : हे आत्ता, या क्षणीही चालू आहे.
- ०एक्स८०००० किंवा ०एक्स८०००८ : हा पॉवरचा नाही, बोर्ड गरम झाल्याचा इशारा आहे.

ही कमांड नुसत्या बसलेल्या बोर्डवर देऊ नका. डिस्कवर मोठी फाइल कॉपी करा, कॅमेरे सुरू करा आणि मग द्या.

दुसरी कमांड: डी-एम-ई-एस-जी, मग जागा सोडून डॅश आणि डब्ल्यू. आधी 'सुडो' लावा. ही कर्नलचा लॉग जिवंत दाखवत राहते. ती चालू ठेवून डिव्हाइस लावा-काढा आणि ओळी वाचा:

- 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' : कारण सापडलं. पुढे शोधू नका, केबल आणि अडॅप्टर बदला.
- 'ओव्हर-करंट' : पोर्टवर मर्यादेपेक्षा जास्त ओढ आहे, किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.
- 'इनसफिशंट अव्हेलेबल बस पॉवर' : डिव्हाइसने मागितलेला करंट हबकडे नाही, म्हणून कर्नलने ते सुरूच केलं नाही. हा प्रामाणिक हब. बरेच स्वस्त हब 'माझ्याकडे स्वतःची पॉवर आहे' असं खोटं सांगतात. मग कर्नल अडवत नाही आणि डिव्हाइस चालता चालता पडतं.
- 'एरर वजा ७१' किंवा 'वजा ११०' : पहिला म्हणजे बोलण्यात गडबड, दुसरा म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही. दोन्हींच्या मागे खराब केबल, ढिला प्लग किंवा कमी पॉवर असू शकते.
- 'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि लगेच नव्या नंबरने पुन्हा जोडणी : तुम्ही हात न लावता हे होत असेल तर पॉवरवर पहिला संशय घ्या.

तिसरी: एल-एस-यू-एस-बी, मग जागा, डॅश आणि टी. कुठलं डिव्हाइस कुठल्या हबखाली आहे ते झाडासारखं दिसतं आणि पुढे वेग दिसतो. तुमची ३.० ची एसएसडी ५०००एम ऐवजी ४८०एम दाखवत असेल तर ती २.० च्या पोर्टवर लागली आहे, किंवा मधली केबल २.० ची आहे.

तपासणीचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललात तर बरं कशामुळे झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

१. सगळी यूएसबी डिव्हाइस काढा, बोर्ड पुन्हा सुरू करा, थ्रॉटल्डची कमांड द्या. इथेच शून्य येत नसेल तर दोष अडॅप्टर किंवा केबलचा आहे.

२. हब काढून संशयित डिव्हाइस थेट बोर्डला लावा. थेट चालतं आणि हबवर नाही, तर हब दोषी.

३. तेच डिव्हाइस लॅपटॉपवर लावा. तिथेही पडत असेल तर बोर्डवर वेळ घालवू नका.

४. डिव्हाइस एकेक करून परत जोडा. कितव्यावर बिघाड सुरू होतो ते लिहून ठेवा.

५. व्होल्टेज मोजा. यूएसबी मीटर काही शे रुपयांत मिळतो, पण तो अडॅप्टरच्या तोंडाशी लावलात तर केबलमधली घट दिसणारच नाही. मोजायचं ते केबलच्या शेवटी, बोर्डाजवळ. मल्टिमीटर असेल तर बोर्डच्या पिनांपैकी ४ नंबरवर ५ व्होल्ट आणि ६ नंबरवर ग्राउंड असतं. या दोन पिना शेजारी-शेजारी आहेत, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. पाय ५ वर मीटरचीही गरज नाही: पहिल्याच कमांडला 'गेट थ्रॉटल्ड'च्या जागी पी-एम-आय-सी, अंडरस्कोअर, 'रीड', अंडरस्कोअर, ए-डी-सी लिहिलं की येणाऱ्या यादीत बाहेरून येणारं ५ व्होल्टचं खरं माप दिसतं.

पॉवरवाला हब घेताना

बेरीज बोर्डच्या मर्यादेपलीकडे जात असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. दोन गोष्टी पाहा.

हबचा अडॅप्टर किती अँपिअरचा आहे? सात पोर्टचा हब आणि सोबत २ अँपिअरचा अडॅप्टर, म्हणजे दोन पोर्टेबल डिस्क लावल्या की तो संपला. आपल्या डिव्हाइसवर लिहिलेले अँपिअर जोडा आणि त्यापेक्षा थोडा मोठा अडॅप्टर घ्या.

हब उलटी पॉवर देतो का? काही हब स्वतःची पॉवर वरच्या केबलमधून बोर्डकडे ढकलतात. परीक्षा सोपी आहे: हब चालू ठेवून पायचा अडॅप्टर काढा. पायचा लाल दिवा लागलेलाच राहिला तर हब उलटा वाहतोय. अशा हबमुळे बोर्ड नीट बंद होत नाही आणि रीस्टार्टला अडकतो. दुकानदाराला परत करता येत असेल तर करा.

पॉवर ठीक आहे, तरीही अडतंय?

मग, आणि मगच, सॉफ्टवेअरकडे या.

*एसएसडी लोड आल्यावर अडकते.* एसएसडीच्या केसमधली चिप आणि लिनक्सचा यूएएस नावाचा वेगवान ड्रायव्हर यांचं कधी कधी पटत नाही. एल-एस-यू-एस-बी च्या यादीतून त्या केसचा आठ अक्षरांचा आयडी घ्या आणि बूटच्या सेटिंगमध्ये यूएसबी-स्टोरेजच्या 'क्वर्क्स' यादीत तो 'यू' अक्षरासह टाका. वेग थोडा कमी होतो, डिस्क स्थिर होते.

*थोडा वेळ काही केलं नाही की डिव्हाइस झोपतं.* वीज वाचवण्यासाठी कर्नल यूएसबीला झोपवू शकतो. बूटच्या सेटिंगमध्ये यूएसबीकोअरचा 'ऑटोसस्पेंड' वजा १ केला की हे बंद होतं.

*दोन कॅमेरे एकदम चालत नाहीत आणि 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी एरर येते.* मेमरी कार्ड रिकामं करायला धावू नका. ही जागा डिस्कवरची नाही, यूएसबीच्या रस्त्यावरची आहे. कॅमेरा आधीच रुंदी राखून ठेवतो आणि दुसऱ्याला जागा उरत नाही. पाय ३ वर तर चारही यूएसबी पोर्ट आणि लॅनचा सॉकेट एकाच २.० च्या रस्त्यावर आहेत. रिझोल्यूशन कमी करा किंवा कॅमेरा एमजेपेग मोडवर ठेवा.

*३.० ची डिस्क लावली की वाय-फाय मंदावतं.* यूएसबी ३.० च्या वेगवान तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. डाँगल छोट्या एक्स्टेंशन केबलने डिस्कपासून लांब न्या, किंवा वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

*राउटरवर पेन ड्राइव्ह दिसतच नाही.* ओपनडब्ल्यूआरटीमध्ये यूएसबी स्टोरेजचं आणि त्या फाइल सिस्टिमचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. हा मात्र खरोखर सॉफ्टवेअरचा प्रश्न.

फोनवर ओटीजी वापरणाऱ्यांसाठी

अँड्रॉइडच्या आतही लिनक्स कर्नलच आहे. पेन ड्राइव्ह चालतो पण पोर्टेबल हार्ड डिस्क नुसती टक्-टक् करते, याचं कारण वर वाचलंत तेच. फोन आपल्या बॅटरीतून डिस्कला हवा तेवढा करंट देत नाही. फोन आणि डिस्क यांच्यामध्ये पॉवरवाला हब लावा. डिस्कला हबकडून पॉवर मिळते, फोनकडून फक्त डेटा जातो.

आज माझ्या टेबलावर एक पाय ४ आहे, त्यावर घरच्या फोटोंची डिस्क. ती पॉवरवाल्या हबवर आहे. अडॅप्टरची केबल आखूड आणि जाड आहे, आणि तिच्यावर मार्करने लिहिलंय: 'फोनला लावू नये.' नवीन काही जोडलं की मी पहिल्या दिवशी थ्रॉटल्डची कमांड देऊन पाहतो. शून्य आलं तरच पुढचं काम.